विद्यापीठाची पायरी

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आमच्याकडे म्हैसूरच्या इतिहासावर लेख मागितला, तेव्हा त्यांच्या मनात राजवाडा, दसरा, नाहीतर टिपू आणि पूर्णय्या असावेत. ते विषय थोर खरे. पण त्यांवर पुष्कळ लिहून झाले आहे आणि आमच्याहून अधिकारी माणसांनी लिहिले आहे. आम्ही पडलो केंद्र सरकारच्या कचेरीतले, कलाशाखेचे साधे पदवीधर. सेवेच्या निमित्ताने इमारतींच्या फायली मात्र बरीच वर्षे आमच्या हातांखालून गेल्या. तेव्हा आम्ही एक लहानसाच विषय निवडला आहे: पायरी. म्हैसूरच्या विद्यामंदिरांची पायरी कोणाला चढता आली नाही आणि त्यावर आजवर काय उपाय झाले, एवढाच हा इतिहास.

विषय सुचला तो एका वहीमुळे. आम्ही बदली होऊन म्हैसुरास आलो आणि पुढे इथलेच झालो. आल्यावर थोड्याच दिवसांत मंडळाच्या एका ज्येष्ठ सभासदांशी आमचा स्नेह जडला. त्यांच्या कन्येला लहानपणीच्या आजारामुळे चालता येत नसे. चाकांची खुर्ची हेच तिचे वाहन. मुलगी हुशार. बारावीनंतर पदवीच्या वर्गात जावयाचे ठरले, तेव्हा हे गृहस्थ प्रवेशाचे अर्ज आणण्यापूर्वी शहरातील महाविद्यालये एकटेच हिंडून आले आणि येताना एक वही भरून घेऊन आले. वहीत चार रकाने होते. पहिल्यात महाविद्यालयाचे नाव, दुसऱ्यात दर्शनी दाराच्या पायऱ्यांची संख्या, तिसऱ्यात वर्ग कोणत्या मजल्यावर भरतो ते, आणि चौथ्यात स्वच्छतागृहात खुर्ची शिरते की नाही ते. अभ्यासक्रमाचा रकानाच नव्हता. मुलीला इतिहास शिकावयाचा होता. जेथे जाणे शक्य होते तेथे इतिहासाचे वर्ग वरच्या मजल्यावर भरत, वाणिज्याचे तळमजल्यावर. ती बी. कॉम. झाली. “साहेब, विषय मुलीने निवडला नाही, जिन्याने निवडला,” असे ते एकदा आम्हांस म्हणाले. बोलण्यात रडगाणे नव्हते. जमाखर्च वाचून दाखवावा तसे त्यांनी ते सांगितले. ती वही हल्ली आमच्यापाशी आहे.

आपल्या भाषेत पायरीला केवढा मान! माणसाने आपली पायरी ओळखून वागावे म्हणतात, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पंढरपुरास महाद्वारी नामदेवाची पायरी आहे आणि तिच्यासमोर, दाराबाहेर, चोखोबांची समाधी आहे. त्या मंदिराचे दार अस्पृश्य गणलेल्यांस उघडावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात उपोषण केले, तेव्हा कोठे ते उघडले. घराच्या पायरीचा उगम मात्र निव्वळ सोयीत आहे. पावसाचे पाणी आणि साप-किरडू आत येऊ नये म्हणून जोते उंच करावयाचे. इकडे कानडी घरांपुढेही ‘जगली’, म्हणजे आपला ओटा, असतोच. पुढे सोयीचा थाट झाला. ज्याचे जोते उंच त्याचा बोज मोठा, असे समीकरण बसले, आणि राजवाडे, कचेऱ्या, न्यायालये व विद्यालये सारी त्याच हिशेबाने बांधली गेली.

याच म्हैसुरात त्याला एक अपवाद आहे आणि तो आम्हांस फार आवडतो. सतराव्या शतकात दोड्ड देवराज वडेयर यांनी चामुंडीच्या टेकडीवर हजार पायऱ्या करविल्या. भक्ताने श्रम करून यावे, हा त्यातला हेतू स्पष्टच आहे. परंतु पुढे टेकडीवर गाडीरस्ता झाला. आज गुडघे धरलेली म्हातारी बसने वर जाते, देवीपुढे हात जोडते आणि तिची भक्ती पायऱ्या चढून आलेल्यांपेक्षा उणी आहे असे कोणी म्हणत नाही. आपल्याकडे रायगडावरही १९९६ पासून रज्जुमार्गाने जाता येते. देवाच्या आणि छत्रपतींच्या दारी ही सवड मिळाली. सरस्वतीच्या दारी ती मिळण्यास फार काळ लागला.

म्हैसूर विद्यापीठाची स्थापना २७ जुलै १९१६ रोजी झाली. ब्रिटिश मुलखाबाहेर, संस्थानी प्रदेशात स्थापन झालेले हे देशातील पहिले विद्यापीठ. महाराज होते नाल्वडी कृष्णराज वडेयर, आणि दिवाण सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. विश्वेश्वरय्या म्हटले की आपणा मराठी माणसांस थोडे आपलेपण वाटल्यावाचून राहत नाही, कारण त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये झाले आणि नोकरीची कितीतरी वर्षे मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात गेली. खडकवासल्याच्या धरणाचे स्वयंचलित दरवाजे ही त्यांचीच करणी. ज्यांनी उभे आयुष्य पाण्याला उतार देण्यात घालविले, त्यांच्या विद्यापीठात माणसासाठी उतार काढावा हे कोणाला सुचले नाही, याचे आज नवल वाटते. पण त्या काळी जगात कोठेच ते सुचलेले नव्हते, हेही तितकेच खरे. दोष काढण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही.

त्याच १९१६ साली तिकडे पुण्यात अण्णासाहेब कर्वे यांनी महिला विद्यापीठ सुरू केले. स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने त्याच वर्गात बसवून घेण्यास समाज तयार नव्हता, म्हणून त्यांच्यासाठी वेगळे घर बांधावे लागले. अण्णासाहेबांचे ते काम किती मोठे, हे आम्ही सांगावयास नको. पण आज आपल्या लेकी-सुना कोणत्याही विद्यापीठात, कोणत्याही वर्गात सरळ जाऊन बसतात, आणि वेगळे घर हा प्रवासातला एक मुक्काम होता हे आता आपणांस कळते. ज्यांना चालता येत नाही, दिसत नाही वा ऐकू येत नाही त्यांच्या बाबतीत म्हैसूरचा इतिहास याच वाटेने गेला आहे. या लेखात आम्हांस मुख्यत्वे तेच दाखवावयाचे आहे.

वेगळी घरे बांधण्यात म्हैसूर मागे नव्हते. किंबहुना पुष्कळच पुढे होते. अंधांसाठी देशातील पहिली शाळा १८८७ साली अमृतसर येथे निघाली असे सांगतात. म्हैसुरात १९०१ मध्येच एम. श्रीनिवास राव यांनी मूकबधिर व अंध मुलांसाठी शाळा काढली. विद्यापीठ निघण्यास तेव्हा अजून पंधरा वर्षे अवकाश होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या गृहस्थांच्या दूरदृष्टीचे कौतुक वाटते. नंतर १९६५ साली केंद्र सरकारने येथे अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था स्थापन केली. बोलण्या-ऐकण्यातील दोषांचे निदान, उपचार आणि त्याचे शिक्षण देणारी ही संस्था आज देशभर नावाजलेली आहे आणि लांबलांबची कुटुंबे मुलांना घेऊन तिच्या दारी येतात. आमच्या मंडळानेही महाराष्ट्रातून आलेल्या अशा कुटुंबांची राहण्याची सोय अनेकदा केली आहे. १९९१ साली जगद्गुरू श्रीशिवरात्रीश्वर महाविद्यापीठाने अपंग विद्यार्थ्यांसाठी खास तंत्रनिकेतन उघडले. केवळ अशा विद्यार्थ्यांना पदविकेचे शिक्षण देणारी संस्था तेव्हा देशात अपूर्वच म्हणावयाची.

आता गंमत पाहा. ही दोन्ही घरे, १९६५ चे आणि १९९१ चे, मानसगंगोत्रीच्याच आसमंतात आहेत. मानसगंगोत्री म्हणजे विद्यापीठाचे पदव्युत्तर आवार. ते १९६० साली उभे राहिले आणि त्याचे हे सुंदर नाव तेव्हाचे कुलगुरू, कविवर्य कुवेंपू यांनी ठेविले. आवाराचा विस्तार सातशे एकरांहून अधिक. त्यात १९०५ साली राजकन्येसाठी बांधलेला जयलक्ष्मीविलास वाडा आहे, ज्यात आता लोककलांचे संग्रहालय आहे. आणि समोर कुक्करहळ्ळी तलावाच्या पलीकडे, १९४७ साली बांधलेला क्रॉफर्ड हॉल, विद्यापीठाची मुख्य कचेरी. दोन्ही वास्तू देखण्या, दोन्हींना स्तंभांचा थाट. वाडा बांधला तेव्हा तेथे पुढे विद्यार्थी येतील हे कोणाच्या स्वप्नीही नसेल. हॉल बांधला तो स्वातंत्र्याच्या वर्षी, पंढरपूरचे दार उघडले त्याच वर्षी. त्या पिढीचे मन मोठे होते, यात आम्हांस शंका नाही. परंतु गवंड्याच्या हातातील ओळंबा जुन्याच काळचा होता. देशातील इतर सर्व विद्यापीठांप्रमाणे येथेही विद्येकडे जाणारी वाट पायऱ्यांवरूनच गेली.

पायऱ्यांची गोष्ट निघाली की उचलून नेण्याची गोष्ट निघते. डॉ. राधाकृष्णन १९१८ ते १९२१ येथील महाराजा कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवीत. ते कलकत्त्यास जावयास निघाले तेव्हा विद्यार्थ्यांनी त्यांच्या गाडीचे घोडे सोडले आणि गाडी स्वतः ओढीत स्टेशनापर्यंत नेली. म्हैसुरातील प्रत्येक मास्तर ही हकीकत डोळ्यांत पाणी आणून सांगतो, आणि ती आहेच तशी. पण विचार करा, हाच मान रोज सकाळी दहा वाजता आणि पुन्हा संध्याकाळी पाच वाजता मिळू लागला, तर? चौघे मित्र खुर्चीसकट उचलून वर नेतात. ते मनापासून नेतात. एक दिवस त्यांतला एक आजारी पडतो, परीक्षेच्या दिवशी दुसऱ्याला घाई असते, आणि वर नेलेल्या माणसाला तहान लागली तरी तो पाणी पीत नाही, कारण पुन्हा खाली कोण नेणार? वहीचे मालक आम्हांस सांगत, की त्यांची कन्या कॉलेजच्या दिवशी सकाळी चहादेखील अर्धाच कप घेई. तीन वर्षे.

जगात हे कोडे प्रथम सुटले ते युद्धामुळे. दुसऱ्या महायुद्धातून पांगळे होऊन परतलेल्या सैनिकांना शिक्षणासाठी अमेरिकी सरकारने पैसा दिला. पण खुर्ची वर्गात शिरेना. इलिनॉय विद्यापीठाच्या गेल्सबर्ग येथील शाखेत १९४८ साली टिमोथी न्यूजंट या शिक्षकाने अशा विद्यार्थ्यांचा वर्ग सुरू केला. ती शाखा लष्कराच्या जुन्या रुग्णालयात भरत असल्याने तेथे खुर्ची फिरत असे. पुढल्याच वर्षी ती बंद करण्याचे ठरले, तेव्हा विद्यार्थी राज्याच्या राजधानीत जाऊन धडकले आणि अखेरीस अर्बाना येथील मुख्य आवारात त्यांच्यातल्या थोड्यांना जागा मिळाली. तेथे एकेका इमारतीला उतार काढीत, किती चढ हाताने चाक फिरविणाऱ्यास झेपतो हे प्रत्यक्ष माणसे बसवून पाहत त्यांनी जे मोजले, त्यावरून १९६१ साली अमेरिकेचे पहिले प्रमाणपत्रक तयार झाले. बारास एक हा चढ त्यात आहे. आज आपल्या सरकारी नकाशांवर दिसतो तो हाच आकडा.

त्याचा अर्थ घरगुती भाषेत सांगावयाचा तर असा. सहा इंचांची एक पायरी चुकवावयाची असेल तर सहा फूट लांबीचा उतार हवा. सात पायऱ्यांचे जोते असेल तर बेचाळीस फूट, आणि मध्ये दम घेण्यासाठी सपाट जागा वेगळी. दोन्ही बाजूंस कठडा हवा. दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर, म्हणजे तीन फुटांस थोडी कमी, आणि खुर्ची वळण्यासाठी सुमारे पाच फूट व्यासाची मोकळी जागा. हे आकडे वाचकांस रुक्ष वाटतील. पण आमच्या नोकरीत आम्ही असे कितीतरी उतार पाहिले आहेत जे कागदावर ‘पूर्ण’ असून इतके उभे होते, की त्यांवरून फक्त शिपायाची मोटारसायकल वर जाई. काही मागल्या दाराशी, कचऱ्याच्या डब्यांशेजारी काढलेले. काहींच्या माथ्यावर पुन्हा एक पायरी! अपंगांसाठी बांधलेल्या स्वच्छतागृहात केरसुण्या आणि मोडकी टेबले, आणि किल्ली रजेवर गेलेल्या माणसाच्या खिशात. ज्याने बांधले त्याने त्या खुर्चीत एकदाही बसून पाहिले नव्हते, एवढाच याचा अर्थ.

आपल्या देशात कायदा आला तो १९९५ साली आणि अंमलात आला १९९६ च्या फेब्रुवारीत. सार्वजनिक इमारतींना उतार, खुर्ची शिरेल अशी स्वच्छतागृहे, लिफ्टमध्ये ब्रेल खुणा, शाळा-महाविद्यालयांतील बांधकामाचे अडथळे दूर करणे, सारे त्यात होते. पण या सोयींच्या कलमात एक शब्दसमूह होता: आर्थिक कुवत आणि विकास यांच्या मर्यादेत. ज्यांनी सरकारी फायली हाताळल्या आहेत त्यांना या सहा शब्दांचे सामर्थ्य ठाऊक आहे. कोणताही प्रस्ताव नाकारावयाचा नाही आणि मंजूरही करावयाचा नाही, असे असेल तर त्यांच्यासारखी उशी नाही. फाईल त्यावर वर्षानुवर्षे सुखाने निजते. आम्हीही अशा काही फायली निजविल्या आहेत, हे येथे कबूल केलेले बरे.

मधल्या काळात एक प्रसंग घडला. जानेवारी २००१ मध्ये स्टीफन हॉकिंग भारतात आले. त्यांना दिल्लीतील कुतुबमिनारासारख्या वास्तू पाहावयाच्या होत्या. स्वतः चाकांच्या खुर्चीवर वावरणारे जावेद आबिदी यांनी नेट लावल्यावर पुरातत्त्व खात्याने तेथे लाकडी उतार बसविले. अनेक वर्षे जे अशक्य म्हणून सांगितले जात होते ते एका पाहुण्यासाठी काही दिवसांत झाले. आपल्या कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांना पाहुण्यांचे भाग्य नव्हते. ऐन शाळकरी वयात त्यांचे पाय गेले; त्यांनी केंद्र सरकारच्या अबकारी खात्यात नोकरी केली आणि १९८४ साली कोल्हापुरात अपंगांसाठी संस्था उभी केली. त्यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन आमच्या मंडळाच्या ग्रंथालयात आहे. ते ज्यांनी वाचले नसेल त्यांनी अवश्य न्यावे.

नवा कायदा २०१६ च्या डिसेंबरात संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. अपंगत्वाचे सात प्रकार होते त्यांचे एकवीस झाले. उच्च शिक्षणाच्या सरकारी व अनुदानित संस्थांत अशा विद्यार्थ्यांसाठी किमान पाच टक्के जागा राखून ठेवण्याचे बंधन आले, आणि नियम निघाल्यापासून पाच वर्षांत जुन्या सार्वजनिक इमारतीही सुगम करावयाच्या ठरल्या. नियम जून २०१७ चे. म्हणजे मुदत जून २०२२ मध्ये संपली. दरम्यान १५ डिसेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकाच दिवशी दोन निकाल दिले. पहिला सार्वजनिक जागांच्या सुगमतेविषयी, दुसरा उच्च शिक्षणसंस्थांतील राखीव जागांविषयी व त्यांच्या आवारांविषयी. २०२२ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढली. आणि ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने असे म्हटले, की केंद्राच्या नियमांतील पंधरावा नियम मूळ कायद्याशी विसंगत आहे. कायदा ‘केलेच पाहिजे’ म्हणतो आणि नियम ज्या तत्त्वांकडे बोट दाखवितो ती नुसती ‘करावे’ म्हणतात. सक्तीचे नियम वेगळे काढून तीन महिन्यांत ठरवा, असा आदेश झाला. ‘करावे’ आणि ‘केलेच पाहिजे’ यांतला फरक न्यायालयाला सांगावा लागला. वहीचा चौथा रकाना भरणाऱ्या बापाला तो पंचवीस वर्षांपूर्वीच कळला होता.

शब्दांचेही एक बरे असते. आमच्या नोकरीच्या प्रारंभी ‘अपंग’ लिहीत, मग ‘विकलांग’ आले, आता ‘दिव्यांग’ लिहावे लागते. प्रत्येक बदलासोबत रबरी शिक्के नवे केले. असो.

अमुक इमारत सुधारली, तमुक राहिली, अशी यादी आम्ही देणार नाही. उतार निघत आहेत, लिफ्टा बसत आहेत, हे कोणीही डोळ्यांनी पाहावे. मुद्दा एवढाच, की १९०१ पासून या शहराने प्रेमाने वेगळी घरे बांधली, आणि त्यांची गरज अजूनही आहे. पण ज्या मुलीला इतिहास शिकावयाचा आहे तिला वेगळे घर नको असते. तिला तेच दार हवे असते, त्याच वेळी, त्याच घंटेला.

हे लिहीत असता आम्ही ती वही पुन्हा उघडली आणि शेवटच्या कोऱ्या पानावर एक नोंद स्वतःच्या हाताने केली. पहिल्या रकान्यात आमच्या मंडळाचे नाव लिहिले. पायऱ्या एकोणीस. सभागृह पहिल्या मजल्यावर. स्वच्छतागृह: खुर्ची शिरत नाही. पन्नास वर्षांत हे आम्हां कोणाच्याच ध्यानात आले नाही असे नव्हे. तळमजला दुकानांना भाड्याने दिलेला आहे आणि त्या भाड्यावरच गणेशोत्सव, ग्रंथालय व बालवर्ग चालतात. एकोणीस पायऱ्यांना एकशे चौदा फुटांचा उतार लागेल; आपल्या जागेचा दर्शनी भाग आहे चाळीस फुटांचा. म्हणजे एक तर मागील चौकात लिफ्ट बसवावी, नाहीतर एक दुकान रिकामे करून सभागृह खाली आणावे. लिफ्टला पैसा हवा, आणि दुकान सोडले तर पैसा जातो. दोन्हींचे अंदाजपत्रक मागविले आहे.

ती मुलगी आता चाळिशीच्या पुढे आहे, एका बँकेत अधिकारी आहे. वडील गेले. गणपतीत ती दरवर्षी येते. गाडी दाराशी उभी करून काच खाली करते, वरची आरती ऐकते, आणि आमच्यापैकी कोणीतरी तबक व प्रसाद घेऊन खाली जातो. गेल्या वर्षी आम्ही गेलो होतो. “काका, या वर्षी मखर कसले केले आहे?” असे तिने विचारले. आम्ही तोंडी वर्णन केले.

कार्यकारिणीच्या पुढील सभेच्या विषयपत्रिकेत लिफ्ट व तळमजला हा विषय चौथ्या क्रमांकावर घातला आहे. सभेला जाताना आम्ही वही सोबत नेणार आहोत. सभा मात्र या वेळी वर न घेता खाली, दुकानांपुढच्या मोकळ्या जागेत घ्यावी, असे कार्यवाहांस कळविले आहे, आणि निमंत्रण तिलाही गेले आहे.